मनगटापासून तीन बोटे

उजवा हात उताणा करा. तळहात संपतो तिथे मनगटावर दोन-तीन आडव्या घड्या दिसतील. त्यांतली तळहाताला लागून असलेली घडी धरा आणि तिथून कोपराच्या दिशेने डाव्या हाताची तीन बोटे आडवी ठेवा. बोटे आपलीच हवीत. नवऱ्याची किंवा दवाखान्यातल्या सिस्टरची चालत नाहीत, ज्याचे शरीर त्याचेच माप. तिसरे बोट संपते तिथे, हाताच्या बरोबर मध्यावर, दोन दोऱ्यांसारखे स्नायुबंध लागतात. त्यांच्यामधल्या खोबणीत अंगठा टेकवायचा आणि दाबायचे. कळवळायला होईल इतके नाही, पण आत बारीक ठणका जाणवला पाहिजे. मिनिट-दोन मिनिटे. श्वास सोडताना घाई नको. मग दुसरा हात.

ॲक्युप्रेशरवाले ह्या जागेला पी-सहा म्हणतात, चिनी नाव नेइग्वान. ज्यांना गाडी किंवा बोट लागते त्यांच्यासाठी मनगटाला बांधायचे पट्टे मिळतात, त्यांतली प्लास्टिकची गुंडी ह्याच जागेवर बसते. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर ह्या जागेचा अभ्यास इतका झालेला आहे की भूलतज्ज्ञही तिला हसण्यावारी नेत नाहीत.

स्नायुबंध सापडत नसेल तर अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट किंचित आत वळवायचे, मधली दोरी वर उठते. माझ्या डाव्या हाताला ती उठतच नाही. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मनात आले, घ्या, इथेही काहीतरी कमीच निघाले. सिस्टर हसली. हा स्नायू कितीतरी माणसांना एका किंवा दोन्ही हातांत जन्मापासूनच नसतो आणि त्यांचे कशावाचून काही अडत नाही, म्हणाली. मूल होत नव्हते म्हणून आमचे आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून आत सोडण्याचे उपचार, चालू होते. सोनोग्राफी, रक्ततपासणी, एएमएच (बीजांडांच्या साठ्याचा अंदाज देणारी तपासणी), नळ्यांचा एक्स-रे, प्रत्येक कागदावर काहीतरी कमी किंवा काहीतरी बंद असे लिहून येण्याचे ते दिवस होते. माझ्या शरीरात एखादी गोष्ट नसूनही चालते, हे मला कोणी प्रथमच सांगत होते.

पण मनगटावर माझा अंगठा त्याआधीच ठेवून झाला होता. ते काम सावंतवाडीच्या मावशीचे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ॲक्युप्रेशरची जी लाट आली ती मावशीच्या घरातून अजून ओसरलेली नाही. टेबलाखाली लाकडी रूळ, न्हाणीघराच्या दाराशी काट्यांची प्लास्टिकची चटई, बोटांत फिरवायच्या तारेच्या अंगठ्या. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला एक तक्ता आहे, त्यात तळहात आणि तळपाय यांच्यावर सगळी इंद्रिये वाटून दिलेली. कुणाला यकृत, कुणाला मूत्रपिंड. त्या तक्त्यात गर्भाशय मनगटाच्या एका बाजूला आहे आणि बीजकोश दुसऱ्या बाजूला. लग्नाला काही वर्षे झाली आणि विशेष काही कळेना, तेव्हा मावशीने गोव्यात डिचोलीला आमच्या घरी येऊन माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "हे रोज दाब गो. न चुकता. गुण आल्याशिवाय राहायचा नाही."

मुंबईच्या केईएममध्ये १९८६ साली जन्मलेल्या मुलीची बातमी पेपरात आली होती ती मावशीला लख्ख आठवते. तिचा आयव्हीएफला विरोध नव्हताच. दोन्ही करायचे, असे तिचे म्हणणे.

मी दाबत होते. आणि न चुकता दाबायचे म्हटले की एक दिवस चुकतोच. त्या महिन्याची पाळी आली की मी मनातल्या मनात त्या चुकलेल्या दिवसाशी तिची सांगड घालायची. फॉलिक ॲसिडची गोळी, वजन, झोप, लवकर जेवण, गाडीवरून खड्डे चुकवत जाणे ह्या यादीत आणखी एक काम वाढले, इतकेच.

सिस्टरची गोष्ट वेगळी होती, आणि ती सांगायची तर चवथीपासून सुरुवात करायला हवी.

आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. डॉक्टरांनी तारखा मांडल्या तेव्हा इंजेक्शने नेमकी चवथीत येणार हे दिसत होते. पुढे ढकलता आले असते. मीच नको म्हटले. पुढे ढकलण्याचा मला वीट आला होता. बीजांडे वाढवणारी ही इंजेक्शने फ्रिजमध्ये, दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असतात. आमच्या फ्रिजमध्ये त्या दिवसांत खतखत्याच्या भाज्या, नारळाचा रस, पंचामृताचे दूध, आणि त्यांच्यामागे स्टीलच्या डब्यात माझी इंजेक्शनची पेनं. डिचोलीत भाद्रपदातल्या पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. लाइट गेली की सगळ्यांना माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळा-पानांच्या छताखाली, समई नीट लागली आहे ना याची काळजी, आणि मला त्या डब्याची. नवऱ्याने थर्मासचा एक खोका बर्फ भरून माडीवर तयारच ठेवला होता. घरात बायका बसल्या होत्या. कुणी नेवऱ्यांच्या कडा कातत होती, कुणी नुसतीच माझ्या पोटाकडे बघत होती. गोव्यात काय आणि कोकणात काय, चवथीला माहेरी-सासरी आलेली प्रत्येक बाई दुसरीला एकच प्रश्न विचारते आणि त्याला चौकशी म्हणते.

शेवटचे इंजेक्शन, ज्याला ट्रिगर म्हणतात, ते घड्याळ लावून घ्यावे लागते. ते दिल्यापासून साधारण चौतीस ते छत्तीस तासांत बीजांडे काढून घ्यावी लागतात, नाहीतर ती आपली आपण सुटून जातात. म्हणजे रात्री नऊचे इंजेक्शन असेल तर परवा सकाळी नऊच्या आत ऑपरेशन थिएटर. माझी वेळ नेमकी आरतीत आली. गोव्यातली आरती म्हणजे घुमट, शामेळ, कासाळे, आणि एकदा सुरू झाली की संपायचे नाव नाही. मी आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून पोटाची चिमूट धरली होती आणि बाहेर घुमट अशी वाजत होती की सुईचे टोक तिच्या ठेक्यावर थरथरत होते. हात स्थिर होईना. नवरा दार लावून आत आला, माझ्या हातातून पेन घेतले आणि स्वतःच टोचले. त्याचाही हात थरथरत होता. त्याला आयुष्यात कोणी विचारले नव्हते, तू कसा आहेस म्हणून. मूल न होण्यात साधारण निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचाही वाटा असतो, हे डॉक्टर सांगतात. पण चवथीला पुरुषाच्या पोटाकडे कोणी बघत नाही.

त्या परवाच्या सकाळी आम्ही आमोण्याच्या पुलावरून पणजीकडे निघालो. उपाशीपोटी. मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा नाही. सासूबाईंनी देवीला कौल लावून आणला होता, उजवा झाला होता, आणि ते प्रसादाचे फूल त्यांनी माझ्या पदरात बांधून दिले होते.

ज्यांनी हे केलेले नाही त्यांना सांगते की थिएटरबाहेरच्या त्या छोट्या खोलीत माणसाचे एकेक करून सगळे काढून घेतात. मंगळसूत्र काढा. बांगड्या काढा. नखांचे पॉलिश पुसा, कारण बोटाला लावतात त्या यंत्राला प्राणवायू मोजायचा असतो. पावडर नको, अत्तर नको, गजरा नको, कारण शेजारच्या प्रयोगशाळेत गर्भ वाढत असतात आणि तिथल्या हवेला वास चालत नाही. फोन बाहेर. नवरा बाहेर. कौलाचे फूलसुद्धा सिस्टरने हळूच उचलून कागदात गुंडाळले आणि त्याच्याकडे पाठवून दिले. हिरव्या बांगड्या उतरवल्यावर मनगटावर त्यांचे वळ राहिले होते. मागे उघडा असलेला गाऊन घालून मी बसले होते आणि दात वाजत होते. एसी तितकाही नव्हता.

सिस्टरने बीपी घेतले. थांबली, पट्टा सोडला, पुन्हा घेतले. भूलतज्ज्ञ बाई आत डोकावल्या, आकडा पाहिला, म्हणाल्या, पाच-दहा मिनिटे बसू द्या तिला. मग ती सिस्टर स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. "बाय, हात दी. भियेनाका." तिने मनगटावर तीन बोटे मोजली, माझ्याच दुसऱ्या हाताची, आणि माझाच अंगठा तिथे ठेवून वरून स्वतःच्या अंगठ्याने दाबला. म्हणाली, आधी ज्या हॉस्पिटलात होते तिथे उलट्यांसाठी करायचो, मग लक्षात आले की घाबरलेल्यांनाही बरे वाटते. आता तुम्ही धरा. मी दुसरीकडे बघून येते.

मूल होईल, असे ती म्हणाली नाही. टेन्शन घेऊ नका, असेही म्हणाली नाही. मावशीचा पॉइंट मला मूल देणार होता, सिस्टरचा फक्त पुढची दहा मिनिटे. आणि गंमत म्हणजे जागा जवळजवळ तीच.

दात वाजायचे थांबले. हृदय कानात ऐकू येत होते ते छातीत परत गेले. पट्टा पुन्हा बांधला तेव्हा आकडा उतरला होता. अंगठ्याने उतरला, श्वासाने उतरला, की कोणीतरी स्टूल ओढून समोर बसले म्हणून उतरला, ह्याचा निवाडा मी करणार नाही.

नंतर घरी पडून असताना मी ह्यावर बरेच वाचले. वाचण्यासारखे आहे, म्हणून इथे थोडे थांबते.

दाबाचे संशोधन कमी आहे, सुईचे, म्हणजे ॲक्युपंक्चरचे, जास्त. जर्मनीत २००२ साली १६० बायकांवर एक प्रयोग झाला. गर्भ गर्भाशयात सोडण्याच्या आधी आणि नंतर ज्यांना सुया टोचल्या त्यांच्यात गर्भ राहण्याचे प्रमाण ४२.५ टक्के आणि ज्यांना टोचल्या नाहीत त्यांच्यात २६.३ टक्के निघाले. जगभरच्या क्लिनिकांत ॲक्युपंक्चर शिरले ते ह्या एका आकड्याच्या जोरावर. मग बरेच उलटसुलट अभ्यास होत राहिले. २०१८ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ८४८ बायकांवर मोठी चाचणी झाली, आणि ह्या वेळी तुलनेला खोट्या सुया होत्या, आत न शिरणाऱ्या. जिवंत मूल जन्मण्याचे प्रमाण खऱ्या सुयांच्या गटात १८.३ टक्के, खोट्यांच्या गटात १७.८. म्हणजे काहीच फरक नाही. मुलासाठी म्हणून सुया टोचून घ्यायच्या असतील तर हा आकडा आधी बघावा.

भीतीचा हिशेब मात्र वेगळा निघतो. ग्रीसमधल्या भूलतज्ज्ञांनी २००३ साली निरोगी माणसांच्या दोन भुवयांच्या मधोमध दाब देऊन पाहिला, जिथे आपण कुंकू लावतो तिथे. भुलीची खोली मोजणारे यंत्र त्यांच्या कपाळाला लावले होते. माणसे जागी असूनही यंत्रावरचा आकडा खाली आला आणि त्यांनी स्वतःही ताण कमी झाल्याचे सांगितले. भुवईच्या बाहेरच्या अंगाला दाबल्यावर तितका परिणाम दिसला नाही. चीनमध्ये तर आयव्हीएफच्याच बायकांच्या कानांवर ठरावीक जागी बारीक बिया चिकटपट्टीने लावून, त्या अधूनमधून दाबायला सांगून पाहिले. २०१४ साली छापलेल्या त्या अभ्यासात चिंता कमी झाल्याची नोंद आहे. असे अभ्यास छोटे असतात, आणि दाबणाऱ्या माणसाच्या मायेचा परिणाम किती आणि जागेचा किती हे वेगळे काढणे फार कठीण असते. मला ते वेगळे काढायचेही नाही. औषध असते तर काढावे लागले असते. अंगठ्याला ना पैसे पडतात ना सहसा त्याचे काही दुष्परिणाम.

पण मला सर्वांत मोलाचा वाटला तो दाबाशी काहीच संबंध नसलेला अभ्यास. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०११ साली आला. चौदा अभ्यासांतल्या ३,५८३ बायकांची माहिती एकत्र करून त्यांनी तपासले की उपचारांआधी जी बाई जास्त खचलेली, जास्त घाबरलेली असते तिच्यात गर्भ राहण्याचे प्रमाण कमी असते का. उत्तर आले, नाही. भीतीमुळे आयव्हीएफ फसत नाही.

हे वाचून मी नवऱ्याला हाक मारली आणि मोठ्याने वाचून दाखवले. मग पुन्हा वाचून दाखवले. चवथीतल्या सगळ्या बायकांना, शेजारच्या काकींना, शाळेतल्या स्टाफरूमला, "तू टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही" असे प्रेमाने सांगणाऱ्या प्रत्येकाला हे छापून वाटावेसे वाटले. प्रत्यक्षात कागद वाटले नाहीत, कारण छापील कागदाने असली माणसे बदलत नाहीत. पण माझ्यात मात्र बदल झाला. घाबरण्याची परवानगी मिळाली. आणि ती मिळाल्यावर अंगठा मनगटावर ठेवणे एकदम हलके झाले, कारण आता त्यातून काही मिळवायचे नव्हते. गर्भ सोडतात त्या दिवशी तर भूल देत नाहीत. भरलेल्या मूत्राशयाने टेबलावर पडायचे, पोटावर सोनोग्राफीचा थंड जेल, आणि पडद्यावर एक पांढरा ठिपका सरकताना जागेपणी बघायचा. तेव्हा मी दाबत होते ते फक्त पाय थरथरू नयेत म्हणून, आणि लघवी धरून ठेवायची होती म्हणून. दुसरा काही उद्देश नव्हता. शांत राहणे हे मुलासाठी भरायचे शुल्क नव्हते आता.

तिसवाडीत तळावलीला सांत आनाचे सतराव्या शतकातले चर्च आहे. जुलैच्या शेवटी तिथे तवशांचे, म्हणजे काकड्यांचे, फेस्त भरते. सांत आना म्हणजे मेरीची आई, उतारवयात मूल झालेली. मूल हवे असलेली जोडपी तिच्यापुढे काकडी ठेवतात, हिंदूही जातात. काकडी घे आणि बाळ दे, अशा अर्थाचे एक पोर्तुगीज यमक तिथे पूर्वापार सांगतात. आम्हीही जाऊन आलो. पावसात, चिखलात, हातात तवशी घेतलेल्या माणसांच्या रांगेत उभे राहून. मला तो व्यवहार फार स्वच्छ वाटला. सांत आना काकडी घेते, मन:शांतीचा दाखला मागत नाही. तू काकडी पुरेशा निवांत मनाने दिली नाहीस म्हणून मूल झाले नाही, असे त्या रांगेत कोणी कोणाला म्हणत नाही. हे शहाणपण आमच्या आधुनिक सल्लागारांना का सुचू नये? ध्यान, योग, प्राणायाम, आता ॲक्युप्रेशर, प्रत्येक चांगल्या गोष्टीला हे लोक मुलाचे आमिष बांधतात, आणि मूल झाले नाही की ती चांगली गोष्टच बाईच्या अंगावर येते.

ह्याचा अर्थ भीती फुकट सोसावी असाही नाही. कितीतरी जोडपी पैसे असतानाही उपचार मध्येच सोडतात ते मन थकल्यामुळे. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, २०२३ पासून आयव्हीएफ मोफत झाले, तेव्हापासून बांबोळीला पेडण्यापासून काणकोणपर्यंतची जोडपी येतात. पैशांची भीती कमी झाली तरी टेबलाची भीती उरतेच. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्याने जोडप्याला समुपदेशन देणे क्लिनिकांवर बंधनकारक केले आहे, तेव्हा ते मागून घ्यावे. ज्यांना रात्र-रात्र झोप लागत नाही, रडू थांबत नाही, त्यांनी मनगट दाबत बसू नये, डॉक्टरांना सांगावे. चालू असलेली गोळी तर मुळीच सोडू नये.

मला काय झाले, मुलगा की मुलगी की काहीच नाही, हे मी इथे लिहिणार नाही. मावशीला माहीत आहे आणि तिने तिच्या तक्त्याप्रमाणे त्याचा अर्थही लावून ठेवला आहे. मी ते लिहिले की तुम्हीही लावाल. काहीही लिहिले तरी लावाल.

आता ज्यांची तारीख जवळ आली आहे त्यांच्यासाठी, कारण मला फोन येतात ते ह्यासाठीच. मनगटाच्या घडीवरच, करंगळीच्या बाजूला हाडाच्या आत एक खळगी आहे, शेनमेन. झोप येत नसेल त्या रात्री ती हलकेच दाबा. भुवयांमधली जागा मधल्या बोटाने गोल फिरवत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग आणि पायाच्या आतल्या घोट्याच्या चार बोटे वर असलेली जागा, ह्या दोन जागा गरोदरपणात दाबू नयेत अशी जुनी शिकवण आहे. गर्भ सोडल्यानंतर आपण तरी त्यांच्या वाटेला जाऊ नये. रक्त पातळ करणारी इंजेक्शने चालू असतील तर जोर लावू नका, निळे डाग पडतात. आणि आधी एकदा घरी, जेवण झाल्यावर, टीव्हीसमोर बसून करून बघा. त्या छोट्या खोलीत पहिल्यांदा खोबणी शोधायला गेलात तर सापडणार नाही. सलाईन कुठल्या हाताला लावणार हे आधी विचारून घ्या, म्हणजे कुठले मनगट दाबायला मिळेल ते कळेल. बहुतेक जणी डाव्याला लावतात. माझे तर बरेच झाले, त्या हाताला ती दोरीच नाही.